साडेआठ आणि साडेपाचच्या मधले ऊन

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या अंगणात पाठीवरची पिशवी आपटून म्हणाला, “बाबा, मला उत्तर हवंय. धडा नकोय.”

वृद्ध गुरू पर्जन्यमापकाच्या कुंपणात माजलेले गवत उपटत होते. मान वर न करता ते म्हणाले, “मग प्रश्न सांग. नुसता आवाज कशाला करतोस?”

हे गुरू कोणी साधुपुरुष नव्हते. घाटमाथ्यावरच्या कोंदवाडी नावाच्या गावात हवामानाच्या नोंदी घेणारी एक लहानशी चौकी होती, तिचे ते निरीक्षक. चौकी म्हणजे तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी, पेटीत दिवसाचे कमाल आणि किमान तापमान सांगणाऱ्या दोन नळ्या, आणि निरीक्षकाचे दोन डोळे. सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच या दोन वेळा त्यांनी गावात असताना सव्वीस वर्षांत चुकवल्या नव्हत्या. वेळ झाली की कुंपणात जायचे, नळ्या वाचायच्या, मान मागे टाकून आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती भाग ढगांनी व्यापले आहेत ते ठरवायचे आणि नोंदवहीत तो आकडा लिहायचा. वर्षातून एक आठवडा ते जिल्ह्याच्या गावी जाऊन नव्या निरीक्षकांना हेच शिकवत. तिथे शिकलेल्यांमध्ये हा शिष्य सर्वांत हुशार होता, आणि हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते.

पुढे शिष्य जिल्ह्याच्या एका कचेरीत लागला. पहिली दोन वर्षे त्याने ठिकठिकाणच्या जुन्या नोंदवह्या संगणकात भरण्यात घालवली. नंतर तो सूत्रे शिकला. आता त्याच्याकडे मोठे काम आले होते. दुर्गम आरोग्य उपकेंद्रांत सूर्याच्या विजेवर चालणारे लसींचे फ्रीज बसवायचे होते, आणि कोणत्या खोऱ्यात किती ऊन मिळते यावर कुठे फ्रीज द्यायचा आणि किती पॅनल लावायचे ते ठरणार होते. ऊन मोजणारे यंत्र कोंदवाडीत नव्हते आणि आसपासच्या तीन तालुक्यांतही नव्हते. अशा ठिकाणी हवामानाच्या साध्या नोंदींवरून उन्हाचा अंदाज बांधतात. आकाश जितके ढगाळ तितके ऊन कमी, हा त्याचा एक मार्ग. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात जितके अंतर अधिक तितके आकाश मोकळे असणार, म्हणून ऊनही अधिक, हा दुसरा.

शिष्याने दोन्ही मार्गांनी गणित मांडले होते. एक चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी किती युनिट ऊन पडते, याचे ढगांनी दिलेले उत्तर आले साडेपाच. तापमानाने दिलेले आले चार पॉइंट चार.

“खोरं एकच, वर्षं तीच, वही तुमचीच,” शिष्य म्हणाला. “मग उत्तरं दोन कशी? मी तीनदा तपासलं. गणितात चूक नाही.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? सरासरी काढली. चार पॉइंट पंच्याण्णव.”

“वा,” वृद्ध म्हणाले. “दोन साक्षीदार भांडत होते, तर तू दोघांनाही अर्धं अर्धं खोटं ठरवून घरी पाठवलंस.”

शिष्याचे कान तापले. “बाबा, नऊ दिवसांत अहवाल द्यायचाय. पाचाच्या खालचं खोरं पहिल्या टप्प्यात घेणार नाहीत. पाच किंवा वर असेल तर सहा पॅनलचा ठरलेला संच लगेच मिळेल. तुम्ही फक्त एवढंच सांगा, दोन्हींतलं खरं कोणतं?”

तेवढ्यात कुंपणापलीकडून एका बाईचा आवाज आला. “हेच का ते फ्रीजवाले भाऊ?”

चौकीला लागूनच आरोग्य उपकेंद्राची दोन खोल्यांची इमारत होती. तिथल्या परिचारिका शेवंताबाई भांगरे हातात लसींचा रिकामा निळा डबा घेऊन उभ्या होत्या. आसपासच्या नऊ वाड्यांतली सगळी बाळे त्यांच्या हवाली होती. कोंदवाडीची वीज आली तर आली, अशी. त्यामुळे लस इथे ठेवता येत नसे. लसीकरणाच्या दिवशी पहाटे उठून, अठरा किलोमीटरवरच्या मोठ्या केंद्रातून बर्फात ठेवलेली लस त्या डब्यातून आणायची. एसटी घाटाच्या तोंडाशी सोडी. पुढचे सहा किलोमीटर चढ, डबा खांद्याला लावून. मागच्या वैशाखात एसटी वाटेत बंद पडली आणि डबा पोचेपर्यंत आतल्या बर्फाचे पाणी झाले. त्या दिवशी चौदा बाया लेकरे कडेवर घेऊन आल्या होत्या. त्यांना तशीच परत पाठवावी लागली. त्यांतल्या पाच जणी पुन्हा आल्याच नाहीत.

“भाऊ, यंदा तरी येतो का फ्रीज?” शेवंताबाईंनी विचारले.

“बाबांनी तोंड उघडलं तर येईल,” शिष्य म्हणाला.

“मग अवघड आहे,” बाई म्हणाल्या आणि डबा धुवायला निघून गेल्या.

वृद्धांनी हातांची माती झटकली. “राहा इथं. सांगतो. पण एक अट आहे. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन्ही वेळी तू मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसायचं. आकाशाकडे बघायचं नाही. मधला सगळा वेळ बाहेर काढायचा. उपकेंद्राच्या अंगणात एक काठी रोवून देतो. दर पाव तासाला पाहायचं, काठीची सावली पडली आहे का. पडली असेल तर ‘हो’ लिहायचं, नसेल तर ‘नाही’.”

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. ज्या दोन वेळी आकाश पाहावे म्हणून सव्वीस वर्षे हा माणूस जगला, आणि ज्या दोन वेळी पाहा म्हणून सगळ्यांना शिकवत आला, नेमक्या त्याच दोन वेळी पाहायचे नाही!

“मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे, बाबा.”

“असू दे. काठीला चालेल.”

दुसऱ्या दिवसापासून शिष्य काठीजवळ बसला. महिना मार्चचा होता, सकाळ लख्ख होती. नऊ वाजता हो. सव्वानऊ, हो. साडेनऊ, हो. शेवंताबाई ये-जा करताना त्याच्याकडे पाहत आणि ओठ दाबून हसत. शेवटी त्यांना राहवले नाही.

“एवढं शिकून काठीच राखायची होती, तर इथं शेळ्या होत्या की भाऊ. त्यांनी दूध तरी दिलं असतं.”

पावणेबाराला समुद्राकडचा वारा घाट चढून वर आला. त्याच्याबरोबर कड्यावर एक पांढरा ढग आला, तो पसरला, आणि अंगणातली सावली पुसली गेली. सव्वाबारा, नाही. साडेबारा, नाही. चार वाजेपर्यंत नाही. चारनंतर ढग विरत गेला आणि काठीला पुन्हा सावली आली. पाच वाजून वीस मिनिटांनी वृद्धांनी हाक मारली, “चल, आत.” शिष्य मागच्या खोलीत जाऊन पोत्यावर बसला. बाहेर वृद्धांच्या चपलांचा आवाज कुंपणाकडे गेला आणि परत आला.

“काय लिहिलंत?” आतून शिष्याने विचारले.

“जे दिसलं ते.”

पहिला दिवस शिष्याने योगायोग म्हणून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ढग आला. तिसऱ्या दिवशी साडेअकरालाच आला. त्या दिवशीच्या त्याच्या वहीत असे लिहिलेले होते: “१२.१५ नाही. १२.३० नाही. १२.४५ नाही. १.०० नाही, आणि मला कंटाळा आला आहे.”

वृद्धांनी चष्मा लावून ते वाचले. “कंटाळ्याला रकाना आखून दिला नव्हता,” ते म्हणाले. “पण लिहिलंस ते बरं केलंस.”

“बाबा, सहा दिवस उरलेत.”

“माझ्याही वहीत तारीख असते.”

चौथ्या दिवशी शिष्याने अट मोडली. सायंकाळी साडेपाचला वृद्ध कुंपणात गेल्यावर त्याने मागच्या खोलीची खिडकी बोटभर उघडली. वर आकाश निळे, धुतल्यासारखे. पश्चिमेला कापसाच्या बोंडाएवढा एक ढग, बाकी काही नाही. आणि याच दिवशी दुपारी साडेचार तास काठीला सावली नव्हती!

तो दार उघडून थेट कुंपणाशी गेला. वृद्ध पेन्सिलीने लिहीत होते. शिष्याने वहीत डोकावून पाहिले. ढग, एक अष्टमांश.

“हे खोटं आहे!” तो ओरडला. चार दिवसांचा राग त्याच्या आवाजात होता. “दिवसभर ढग होता आणि तुम्ही एक लिहिता? सकाळीही एकच लिहिलं असणार! सव्वीस वर्षं असंच लिहिलंत? म्हणून माझं उत्तर साडेपाच आलं! त्या पेटीतल्या नळ्या खरं सांगत होत्या. दुपारी ऊन नाही म्हणून तापमान चढत नाही, म्हणून त्यांचं उत्तर कमी आलं. खोटं तुमच्या डोळ्यांनी सांगितलं!”

शेवंताबाई आवाज ऐकून दारात आल्या. वृद्ध शांत राहिले असे मी म्हणणार नाही.

“वर बघ,” ते म्हणाले. “बघ ना! आता साडेपाच वाजलेत. किती भाग ढग आहे?”

शिष्याने वर पाहिले. “एक.”

“मग मी काय लिहायला हवं होतं? चार? साडेपाचला चार लिहिलं असतं, तर ते खोटं झालं असतं. मला ज्या वेळचं विचारतात त्या वेळचं मी लिहितो. कागदावर दुपारचा रकाना नाही. कधीच नव्हता.” मग त्यांनी वही त्याच्या पुढ्यात धरली आणि पानाच्या अगदी उजव्या कडेला बोट ठेवले. “आणि हे काय आहे? हे वाच.”

उजव्या कडेला शेरा लिहिण्याची अरुंद पट्टी होती. तिच्यात बारीक, नेटक्या अक्षरांत लिहिले होते: “दु. ११.४५ ते ४.१५ कड्याचा ढग. ऊन नाही.”

शिष्याने मागचे पान उलटले. “दु. ११.३० ते ४ कड्याचा ढग. ऊन नाही.” त्याच्या मागचे. “दु. १२ ते ३.३०. मधे अर्धा तास ऊन.” तो मागे मागे जात राहिला. वृद्ध आत जाऊन जुन्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवला. मागचे वर्ष, त्याच्या मागचे, दहा वर्षांपूर्वीचे. पावसाळ्यात “दिवसभर झाकोळ”. डिसेंबर-जानेवारीत “दिवसभर ऊन”. बाकी जवळजवळ प्रत्येक दिवशी कड्याचा ढग, त्याची यायची वेळ आणि जायची वेळ.

आणि दहा वर्षांपूर्वीच्या त्या वहीच्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीची एक खूण होती. पान संगणकात भरून झाले की करायची खूण. खुणेशेजारी दोन अक्षरे होती. शिष्याच्या नावाची आद्याक्षरे.

त्याला तो उन्हाळा आठवला. कचेरीतल्या संगणकावर तापमानाला जागा होती, पावसाला होती, ढगांच्या अष्टमांशांना होती. शेऱ्याला नव्हती. त्याने एकदा वरिष्ठांना विचारले होते. “आकडे भर,” वरिष्ठ म्हणाले होते, “अक्षरं नकोत.” त्यानंतर पान भरताना तो उजवी कडा डाव्या तळहाताने झाकून घेत असे. मधेच नजर जाऊन ओळ चुकू नये म्हणून. त्याची ही युक्ती इतरांनीही उचलली होती.

तो खाली बसला.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. “ही खूण माझी आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“वह्या परत आल्या तेव्हापासून माहीत आहे.”

“मग त्याच दिवशी का नाही सांगितलं? दुपारी ढग असतो, एवढं एक वाक्य! माझे चार दिवस गेले!”

वृद्ध त्याच्या शेजारी टेकले. त्यांचा राग ओसरला होता. थकवा मात्र दिसत होता.

“ते वाक्य मी सव्वीस वर्षं सांगतोय,” ते म्हणाले. “पानोपानी. कचेरीला तीन पत्रंही लिहिली. उत्तर आलं की शेऱ्याचा रकाना संगणकात नाही. त्या दिवशी अंगणात सांगितलं असतं, तर तू ते शेऱ्यासारखंच ऐकलं असतंस. मान हलवली असतीस, आणि मनातल्या मनात हात ठेवून झाकलं असतंस. म्हातारा आहे, त्याच्या एकट्याच्या खोऱ्याचं कौतुक सांगतोय, असं म्हणाला असतास. साडेआठ आणि साडेपाचचं आकाश तुला पाठ आहे. ते मीच तुला शिकवलं. म्हणून ते दोन्ही वेळा बंद केलं. उरलेला दिवस कोणी शिकवलेला नव्हता. तो तुला स्वतःच बसून काढायला हवा होता. माझा आकडा खोटा नव्हता रे. पण तो दोन क्षणांचा होता, आणि तू त्याला अख्खा दिवस समजलास.”

शिष्याने विचारले, “मग चार पॉइंट चार खरं धरू?”

“लगेच दुसऱ्या साक्षीदाराच्या पायाशी लोळण घेऊ नकोस,” वृद्ध पुन्हा चिडले. “पेटीच्या मागं कुंपणाला लागून ओढा आहे. दुपारीही तिथं गारवा, पारा कमी चढतो. तीही थोडं कमीच सांगणार. आता सगळे शेरे आहेत तुझ्यापुढं. पाच दिवसही आहेत. बस आणि मोज.”

ते मोजायला बसले. शेवंताबाई रुग्ण नसतील तेव्हा येऊन शेरे वाचून दाखवू लागल्या, कारण वृद्धांचे अक्षर त्यांना शिष्यापेक्षा चांगले लागत होते. प्रत्येक दिवसाचे उन्हाचे तास निघाले. चार दिवसांच्या काठीच्या नोंदींशी शिष्याने ते ताडून पाहिले. पाव तासाच्या आत जुळले. मग तासांवरून त्याने सूत्र मांडले. सातव्या दिवशी उत्तर आले: चार पॉइंट सहा. सहा पॅनलवर फ्रीज वर्षातले जवळपास सात महिने दुपारी अडखळणार होता. नऊ लागणार होते.

त्याच दिवशी पॅनल पुरवणारा व्यापारी जीप घेऊन वर आला. माणूस वाईट नव्हता. वाटेत विकत घेतलेली बोरे त्याने सगळ्यांसमोर ठेवली.

“साहेब, आधी तुमचा चार पॉइंट पंच्याण्णव होता म्हणे,” तो म्हणाला. “तो चांगला होता की! पंच्याण्णव म्हणजे पाचच. कोण भांडतंय? माझा संच सहाचा आहे, बांधून तयार आहे. पंधरा दिवसांत फ्रीज सुरू. आता हे चार-सहा लिहिलंत, तर खोरंच यादीतून गेलं. बाईंचं नुकसान करू नका.”

शिष्याला तीच भीती होती. खरा आकडा लिहिला की फ्रीज जाणार. जो आकडा फ्रीज आणणार, तो खरा नाही. त्याने वृद्धांकडे पाहिले. वृद्ध बोरांच्या बिया अंगणात एका ओळीत मांडत बसले होते. ते काही बोलणार नव्हते, हे उघड होते.

मग शिष्याने जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, ते केले. तो शेवंताबाईंकडे वळला आणि सगळे त्यांना सांगितले. काही झाकले नाही.

बाईंनी व्यापाऱ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “शेठ, फ्रीज आला की खालून डबा आणणं बंद होतं, खरं ना?”

“हो तर! तेच तर सुख आहे, बाई.”

“म्हणजे महिन्याची लस एकदम माझ्याकडं. कागदावर लिहिणार, कोंदवाडीत फ्रीज आहे. आणि दुपारी तो बंद पडला, की बाटलीवरचा उष्णतेनं रंग बदलणारा चौकोन काळा. एका डब्याची नाही, महिन्याची लस वाया. मग मी खाली मागायला गेले, तर म्हणतील, तुम्हाला फ्रीज दिलाय की.” त्यांनी निळ्या डब्याकडे पाहिले. “आता बर्फ वितळला तर बाया म्हणतात, एसटीनं घात केला. फ्रीज असून परत पाठवलं, तर म्हणतील बाईनं घात केला. मागच्या खेपेला पाच जणी आल्या नाहीत. तेव्हा एकही यायची नाही.”

“पण बाई, यादीतून गेलं तर वर्ष तरी जाईल,” शिष्य म्हणाला. “कदाचित जास्तही.”

“माहितीय. चढ मलाच चढायचाय.” त्यांचा आवाज चढला. “मला काय हौस आहे का हो त्या डब्याची? पण निम्मा फ्रीज नको. खरं असेल ते लिहा, आणि नऊ मागा.”

व्यापाऱ्याने डोक्याला हात लावला. “अशी गिऱ्हाइकं पहिल्यांदा बघतोय,” तो म्हणाला, पण जाताना बोरे तिथेच ठेवून गेला.

शिष्याने चार पॉइंट सहा लिहिले. नऊ पॅनल मागितले. सोबत चोवीस पानांची पुरवणी जोडली, त्यात फक्त शेरे होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले: पहिल्या टप्प्यासाठी खोरे अपात्र, नऊ पॅनलच्या मागणीचा दुसऱ्या टप्प्यात, पुढील वर्षी, विचार करण्यात येईल. वरिष्ठांनी त्याला बोलावून घेतले आणि तो म्हणाला असता तर चार पॉइंट पंच्याण्णव सहज चालले असते, हे अर्धा तास सांगितले. शिष्याने ऐकून घेतले आणि जिल्ह्यातल्या उरलेल्या दहा चौक्यांच्या नोंदवह्या पुन्हा मागवून घेण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी हात जोडले. वैतागून का होईना, परवानगी दिली.

त्या वर्षी लसीकरणाच्या दिवशी शेवंताबाई एसटीतून उतरल्या, की घाटाच्या तोंडाशी शिष्य उभा असे. त्याला कोणी ये म्हटलेले नव्हते. पहिल्या खेपेला त्याने डबा घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा बाई म्हणाल्या, “राहू द्या. सवय आहे मला.”

“आकडा माझा होता, बाई.”

“ते खरं आहे,” असे म्हणून त्यांनी पट्टा खांद्यावरून काढला आणि त्याच्या खांद्यावर चढवला. अर्ध्या चढावर तो धापा टाकत थांबला, तर म्हणाल्या, “बसू नका भाऊ. तुमचा दम बर्फाला कळत नाही.”

तो उठला. वर कड्यावर ढग यायला अजून तास होता. त्याच्या आत नऊ वाड्यांच्या बाया अंगणात येऊन बसणार होत्या. तो बाईंच्या मागोमाग पाऊल टाकत राहिला. दोन आकड्यांतला फरक किती असतो, हे त्याला त्या चढावर कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

आपल्यापुढे येणारा आकडा खरा आहे की खोटा, हे आपण विचारतो. तो कोणत्या वेळी घेतला होता आणि उरलेल्या वेळी काय होते, हेही विचारावे.